टीव्हीला आवाज आहे, चित्र नाही. पॅनल गेला म्हणतायत. खरं का? (गणपतीच्या आत हवंय)

आडवाट
गावच्या घरचा टीव्ही बंद पडलाय. कंपनीचा माणूस येऊन गेला. दोन मिनिटांत "पॅनल गेला" म्हणाला आणि १६,५०० सांगितले. अख्खा टीव्ही २१ हजारांचा! गणपतीला सगळी मंडळी घरी जमणार, अकरा दिवस उरलेत. दुरुस्त करू की नवीन घेऊ? नवीन घ्यायचा तर स्वस्तातला कुठला ब्रँड चांगला? बजेट फार नाही. प्लीज लवकर सांगा.

खर्डा
किती इंची, कधी घेतला, कुठून घेतला, वॉरंटी आहे का, गाव कुठलं, बजेट "फार नाही" म्हणजे किती. एवढं सोडून बाकी सगळं लिहिलंय तुम्ही.

आडवाट
४३ इंची. देवरुख. वॉरंटी संपली. दुकानातून घेतला. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही, पुढे तक्रार करायची वेळ आली तर उगाच लफडं नको. घ्यायच्या आधी मी ते नाव कधी ऐकलंही नव्हतं. दुकानदार म्हणाला "आमच्याकडे हाच जास्त जातो", बाबांनी घेतला. आता मूळ प्रश्नाकडे याल का?

तिरका_चष्मा
मूळ प्रश्न हाच आहे की असला टीव्ही घेतलाच का. माझं स्पष्ट मत आहे, दोन हजार जास्त गेले तरी चालतील, मोठ्या शोरूममधूनच घ्यावा. आमच्या घरी तीन पिढ्या विजय सेल्समधून खरेदी करतात. माहीमच्या दुकानापासून सुरुवात झाली त्यांची, १९६७ साली. आजोबांनी पंखा तिथूनच आणला होता. अजून फिरतो.

खर्डा
पंख्याला पॅनल नसतो हो.

ऑफर_किंग
दुकानात जायचंच कशाला? ऑनलाइन घ्या. २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ चा १८ टक्के झालाय. ४३ इंचीवर चांगला फरक पडतो. (३२ इंचीवाले उगाच नाचत होते, त्यांना आधीपासून १८च होता.) माझा सल्ला, दिवाळीच्या सेलपर्यंत थांबा. बँकेचं कार्ड, एक्स्चेंज, सगळं धरून बसवा.

आडवाट
मला गणपतीला हवाय, दिवाळीला नाही.

नाना_निवृत्त
आमच्याकडे १९८४ साली क्राउनचा ब्लॅक अँड व्हाइट आला होता. लाकडी कॅबिनेट, त्याला सरकणारं शटर, शटरला किल्ली! किल्ली आमच्या आईच्या कमरेला. रविवारी सकाळी वाडीतली तीसेक माणसं यायची आणि चपला दारात मावायच्या नाहीत. तेव्हा वेस्टन, डायनोरा, ईसी अशी कितीतरी नावं होती. मग ओनिडाच्या जाहिरातीतला तो शिंगवाला आला. आपल्या औरंगाबादचा व्हिडिओकॉन तर घराघरात होता. २०१८ मध्ये त्यांचंही दिवाळं निघालं. नाव मोठं म्हणून टिकतंच असं नाही, एवढंच सांगायचं होतं.

कथिल
आडवाट, थांबा. अजून काही विकत घेऊ नका. रिमोटने चॅनल बदलला की आवाज बदलतो ना? मग मेनबोर्ड बहुतेक जिवंत आहे.
एक करा. रात्री खोलीतले दिवे घालवा, टीव्ही लावा, मोबाइलचा टॉर्च काचेला अगदी टेकवून तिरका धरा. आत पुसट चित्र हलताना दिसतं का बघा आणि इथे लिहा. बाकी चर्चा नंतर.

आडवाट
मी पुण्यात आहे हो. टीव्ही देवरुखला. घरी आईबाबा दोघंच. आणि चित्र नाही म्हणजे नाहीच, मिट्ट काळा आहे.

खर्डा
हे आत्ता सांगताय.

म्हापशेकार
मी एका शब्दात सांगतो. पाल.
आमच्या म्हापशाच्या घरात दोन वर्षांपूर्वी हेच झालं. मागचं झाकण काढलं तर पॉवर सप्लायच्या बोर्डवर पाल भाजून चिकटलेली. पावसाळ्यात आत ऊब असते म्हणून ती जाते. कोकणात तेच असणार. मागच्या जाळीला आतून मच्छरदाणीचं कापड लावा.

कथिल
पॉवर सप्लायवर पाल मेली तर आवाज कुठून येईल? आणि जाळीला कापड लावू नका, आधीच आत हवा फिरत नाही.

म्हापशेकार
आमचा आवाज येत होता.

कथिल
बरं.

पिंपळपान
पाल बाजूला ठेवू या. आडवाट, बिल आहे का? पक्कं बिल, जीएसटी नंबरवालं? आणि वॉरंटी "संपली" म्हणजे कधी? एकूण वॉरंटी एक वर्ष आणि पॅनलची वेगळी जास्त, असं काही ब्रँड देतात. कार्डावरचं बारीक अक्षर वाचा.
आधी १९१५ ला फोन करा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. बऱ्याचदा कंपनी तेवढ्यानेच हलते. नाही हलली तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीच्या गावी जायची गरज नाही. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत दोन वर्षांची.

आडवाट
बिल बाबांच्या फायलीत असेल. टीव्हीला एकोणीस महिने झालेत. १९१५ करतो, पण त्याने गणपतीच्या आत चित्र दिसेल का?

पिंपळपान
चित्राची खात्री नाही. पण कंपनीने पॅनल म्हटलं ते कुठल्या तपासणीवरून, हे लेखी मागा. जॉबशीट दिली का त्याने?

आडवाट
जॉबशीट नाही दिली. व्हॉट्सअॅपवर आकडा पाठवला.

तिरका_चष्मा
बघा. मोठ्या शोरूममध्ये असं होत नाही.

ऑफर_किंग
शोरूमवाले सर्व्हिस करत नाहीत, तेही कंपनीचाच नंबर देतात. चकचकीत काउंटरचे पैसे मोजता तुम्ही.

तिरका_चष्मा
तिथे भांडायला माणूस तरी समोर असतो. तुमच्या ऑनलाइनमध्ये चॅटवर "मी आपली काय मदत करू शकते" म्हणणाऱ्या मशीनशी भांडत बसा.

(इथे या दोघांचे पुढचे अकरा प्रतिसाद आहेत, ज्यांना वेळ आहे त्यांनी वाचावेत. – खर्डा)

आडवाट
टॉर्चचं केलं. आईला फोनवर सांगितलं. आधी ती टीव्हीच्या मागे जाऊन टॉर्च मारत होती. मग पुढे आली, मालिका लागली होती, काचेला टॉर्च टेकवला आणि ओरडली, "अरे ही इथेच आहे की! पदर दिसतोय हिचा!" टॉर्च जिथे नेईल तिथे दिसतं म्हणे, भाकरीएवढं.
बाबा आठ दिवस टीव्ही ऐकतायत. सात वाजता समोर खुर्ची, चष्मा लावून, बातम्या ऐकायच्या. काळ्या टीव्हीपुढे चष्मा कशाला, विचारलं तर म्हणाले, नीट ऐकू येतं.
तर याचा अर्थ काय?

कथिल
अर्थ असा की पॅनल शाबूत आहे. दिवा गेलाय.
एलसीडीची काच स्वतः उजेड देत नाही. तिच्या मागे एलईडीच्या पट्ट्या असतात, तो बॅकलाइट. "एलईडी टीव्ही" म्हणतात ते त्या पट्ट्यांमुळे. दिवे एकामागोमाग एक जोडलेले असतात, दिवाळीच्या जुन्या माळेसारखे. एक जळून तुटला की ओळ जाते, ड्रायव्हरला (दिव्यांना करंट देणारं सर्किट) गडबड दिसली की तो सगळाच उजेड बंद करतो. काचेवर चित्र बनत राहतं, दिसत नाही.
स्वस्त टीव्हीत हे लवकर होतं. कारण दिवे कमी लावायचे आणि करंट जास्त द्यायचा, म्हणजे दुकानात शेजारच्या महागड्या टीव्हीइतका झगझगीत दिसतो. त्यात घरी आपण बॅकलाइट १०० वर ठेवून वर्षभर बघतो.
४३ इंचीच्या पट्ट्यांचा सेट मी पुण्याच्या तापकीर गल्लीतून ७०० ते ९०० ला आणतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळेल. मजुरी वेगळी.

आडवाट
म्हणजे १६,५०० कशाचे???

कथिल
कंपन्या बोर्ड नाहीतर पॅनल असा अख्खा भागच बदलतात. पॅनल म्हणजे त्यांच्या हिशेबात काच अधिक पट्ट्या अधिक पत्रा, सगळं एकत्र. खोटंच बोलला असं नाही म्हणणार मी. टॉर्च मारून बघायला हवं होतं, एवढं मात्र खरं.

नाना_निवृत्त
कथिलराव, आमच्या जुन्या टीव्हीत वाल्व्ह जायचा तेव्हाही आवाज यायचा.

सोलापूरी_चादर
पट्ट्यांचा अख्खा सेट कशाला? जो दिवा गेलाय तेवढा बदलायचा. दहा रुपयांचं काम. माझ्या ३२ इंचीला एकच बदलला, चार वर्षं झाली, चालू आहे.

कथिल
तुमचं नशीब. बाकीचे दिवेही तेवढेच भाजलेले असतात. एक नवा घातला की तीन महिन्यांत शेजारचा जातो आणि काच परत उचलावी लागते. खरा धोका काच उचलण्यातच असतो. तीनेक फुटांची पातळ काच, कडेला कागदासारख्या रिबिनी. एकट्याने कोपऱ्यातून धरली की तडा, आणि मग खरोखरच पॅनल जातो. दोन माणसं लागतात, व्हॅक्यूम कप असले तर उत्तम. म्हणून एकदाच उघडायचं, पूर्ण सेट घालायचा, करंट थोडा कमी करून घ्यायचा.

सोलापूरी_चादर
धंदेवाईक सल्ला.

कथिल
धंदाच आहे माझा. लपवलाय कुठे?

तिरका_चष्मा
आडवाट, गावातल्या कुणाकडे उघडायला देऊ नका. वॉरंटी जाईल.

खर्डा
ती सात महिन्यांपूर्वीच गेलीय.

आडवाट
एक सांगायचं राहिलं. कंपनीच्या माणसाच्या आधी गावातला वायरमन मागचं झाकण उघडून गेला होता. त्याने काही केलं नाही, फक्त बघितलं म्हणे. त्याने काही बिघडतं का?

खर्डा
अजून काय काय राहिलंय? टीव्ही विहिरीत पडला होता का?

पिंपळपान
मागचं सील तुटलेलं असेल तर तक्रारीत कंपनी तेच पुढे करेल. लिहून ठेवा, कोण आलं, कधी आलं.

कथिल
त्यालाच परत बोलवा. झाकण काढून आतल्या पत्र्यावरच्या स्टिकरचा फोटो काढायला सांगा, पॅनलचा नंबर असतो तिथे. टीव्हीचं मॉडेल नको मला. ब्रँड कुठलाही असो, पट्ट्या पॅनलच्या नंबरावरून आणि पट्टीवर छापलेल्या नंबरावरून शोधायच्या. बाहेर तीन वेगळी नावं आणि आत एकच पॅनल, हे मी रोज बघतो. आणि हो, प्लग काढून मगच झाकण. बॅकलाइटच्या लाइनला शंभरावर व्होल्ट असू शकतात.

ऑफर_किंग
नावांवरून आठवलं. थॉमसन फ्रेंच, कोडॅक अमेरिकन, ब्लाउपुंक्ट जर्मन, बरोबर? भारतात या तिन्ही नावांचे टीव्ही नोएडाची एकच कंपनी लायसनवर विकत आलीय. मी दोनात तुलना करून रात्र घालवली होती एकदा.

आडवाट
माझा यातला नाही. प्लीज विषय सोडू नका.

शेवंती
या निमित्ताने विचारते, सासूबाईंना ऐकू कमी येतं. टीव्हीला साउंडबार लावावा की ब्लूटूथ हेडफोन?

म्हापशेकार
हेडफोन. पण पाल निघाली का त्यांच्याकडे?

आडवाट
अपडेट. उशीर झाला, माफ करा.
पाल नव्हती. मुंग्या होत्या.
वायरमनने फोटो पाठवला, कथिल यांनी निरोपातून पट्टीचा प्रकार सांगितला. रत्नागिरीच्या एका मेकॅनिककडे सेट मिळाला. तो परवा पोराला घेऊन आला. आईने ओटीवर दोन गाद्या टाकल्या, त्यावर चादर, आणि काच त्यावर पालथी ठेवली. बाबा काठी घेऊन मांजराला राखत बसले. आत चार पट्ट्या. तिसरीवरचा एक दिवा मधोमध काळा पडलेला, मोहरीएवढा डाग. त्या डागासाठी १६,५००. एका दिव्यावरची भिंगाची टोपी गळून खाली पडली होती, तीही दाखवली त्याने. जुन्या पट्ट्या आईने ठेवून घेतल्या, कशाला ते विचारू नका.
एकूण २,२०० झाले, गाडीभाडं धरून. चित्र आलं. सगळ्यांचे आभार, कथिल यांचे जास्त.
१९१५ ला पण तक्रार टाकली आहे, जॉबशीट का दिली नाही म्हणून.
एकच अडचण. बाबा म्हणतात सगळ्यांचे चेहरे निळे दिसतायत. निवेदिका आजारी वाटते म्हणे.

सोलापूरी_चादर
सेट बदलला की असंच होतं. म्हणून एकच दिवा बदलायचा.

कथिल
नव्या पट्ट्यांचा उजेड थोडा थंड असतो. सेटिंगमध्ये पिक्चर, त्यात कलर टेंपरेचर "वॉर्म" करा. बॅकलाइट ६० ते ७० वर आणा, तिथून हलवू नका.

आडवाट
फोनवरून आईला सांगतोय. रिमोटवर सेटिंगचं बटण कुठलं?

कथिल
दातेरी चाकाचं चित्र असेल.

आडवाट
आई म्हणते चाक नाहीये. सूर्यफूल आहे.

कथिल
तेच. दाबायला सांगा.