मदत हवी आहे: 'ऐच्छिक' लिहू की 'वैकल्पिक'?

एका अ‍ॅपमधला अर्ज मराठीत आणायचं काम घेतलंय आणि गाडी एकाच शब्दावर अडलीये: ऑप्शनल. रकाना रिकामा ठेवला तरी चालेल, एवढंच सांगायचंय. मी 'मधले नाव (ऐच्छिक)' लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी खोडून 'वैकल्पिक' केलं. 'ऐच्छिक म्हणजे स्वखुशीने करायचं, रक्तदानासारखं,' असं त्यांचं म्हणणं. मला 'वैकल्पिक' वाचून वाटतं, मधल्या नावाऐवजी दुसरं काहीतरी भरायचंय.

पुढे ओळखपत्राचे तीन रकाने आहेत. कोणतंही एक द्यावंच लागतं. तिथेही तिन्हींपुढे 'वैकल्पिक'! दोन्हीकडे एकच शब्द कसा चालेल? 'पर्यायी' बरा पडेल का?

प्रतिसाद १
मधल्या नावापुढे 'ऐच्छिक'च ठेवा. इच्छा + इक, इ ची वृद्धी होऊन ऐ. करणं न करणं आपल्या मर्जीवर. रक्तदानाचं उदाहरण उलट तुमच्याच बाजूचं आहे. हाताचे स्नायू ऐच्छिक, हृदयाचे अनैच्छिक. तिथे 'वैकल्पिक स्नायू' म्हणून बघा कसं वाटतं ते!

बाईंचंही अगदीच चूक नाही म्हणा. संस्कृत व्याकरणात 'विकल्पाने' होणारं कार्य झालं तरी चालतं, न झालं तरी चालतं. पाणिनी त्यासाठी 'वा', 'विभाषा' असे शब्द वापरतो. पण अर्ज भरणारा काही अष्टाध्यायी वाचून येत नाही. त्याच्या कानाला विकल्प म्हणजे 'हे किंवा ते', नाहीतर मग मनात येतो तो विकल्प, म्हणजे शंका.

'पर्यायी' नकोच. पर्यायी रस्ता म्हणजे नेहमीचा बंद असेल तेव्हा धरायचा.

ओळखपत्राचं मात्र तातडीने बदला. तिन्हींपुढे 'वैकल्पिक' पाहून लोक तिन्ही रिकामे सोडतील आणि अर्ज पुढे का सरकत नाही म्हणून डोकं धरून बसतील. 'यांपैकी कोणतेही एक आवश्यक' असं सरळ लिहा.

प्रतिसाद २
एवढा काथ्याकूट कशाला? 'नसल्यास रिकामे सोडा' लिहा, आजीलाही कळेल.

धागाकर्ती
कंसात जेमतेम एक शब्द मावतो हो, नाहीतर तेच केलं असतं. 'ऐच्छिक' परत घालते. ओळखपत्राच्या वर अख्खी ओळ मोकळी आहे, तिथे वाक्य बसेल. बाईंना पाणिनी सांगू की नको, तेवढं ठरवते.