अनुभव धागा: लेकरांना पोहायला गटात घालावं का?

मांजराकाठ
उन्हाळी शिबिराचा फलक दिसला आणि पाठीला डबा बांधून विहिरीत ढकलायची जुनी पद्धत आठवली. आता चार-पाच वर्षांच्या लेकरांचे गट करून शिकवतात. जाणकारांनी लिहा, खरंच फायदा आहे का नुसती फी?

काठावरचा
आहे. पण एका शिक्षकामागं चार, फार तर सहा लेकरं. जास्त झाली की पाळीची वाट बघत काठावर कुडकुडतात. पाणी ३० अंशांच्या आसपास हवं, ओठ निळे पडले की लगेच बाहेर.
सुरुवात कठडा धरून, तोंड पाण्यात घालून नाकानं बुडबुडे. मोठ्यांनी कितीही सांगा, ऐकत नाहीत. शेजारच्यानं केलं की लगेच करतात, गटाचा खरा फायदा हाच. मग उताणं तरंगणं: कान पाण्यात, पोट वर. मान उचलली की कंबर बुडालीच. पाय खुब्यातून हलवायचे. बहुतेक लेकरं गुडघ्यातून सायकल मारतात, तिथं शिक्षकाचा हात लागतो.

पांगरा
डब्याला नावं ठेवू नका राव. डबा काय, सुका भोपळा काय, पाठीवर असल्यानं अंग आडवं राहायचं. ते दंडातले फुगे लेकराला पाण्यात उभं करतात, आणि उभ्या अंगानं कोण पोहतं?

लातूरकर
२०१६ ला आमच्याकडं मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, अन् तुम्ही पोहण्याचे क्लास काढलालेत 😂

शेतमाळ
हसा, पण पाणी नाही म्हणूनच तर शेततळी झाली. प्लास्टिकवर शेवाळ धरतं, उतारावर पाय ठरत नाही. पोहता येणाराही काठाला येऊन अडकतो. चारी बाजूंनी खुंट्या ठोकून गाठी मारलेले दोर आत सोडा, कुंपण करा.
गटात अजून एक शिकवता येतं. एकजण पाण्यात, दुसरा काठावर पालथा पडून काठी पुढं करतो. बुडणाऱ्यामागं पाण्यात उडी टाकायची नाही, मोठ्यांना हाक मारायची. एकट्या लेकराला हे कसं शिकवणार?

बीडची ताई
क्लोरीननं केसांचं वाटोळं होतं का हो? पोरीचे लांब आहेत.

काठावरचा
ताई, आधी साध्या पाण्यानं केस ओले करा, टोपी घाला, नंतर परत धुवा. भिजलेले केस क्लोरीनचं पाणी कमी ओढतात. आणि डोळे चुरचुरणारा उग्र वास आला तर क्लोरीन जास्त पडलं असंच नाही, घाम-लघवीत मिसळून तो वास सुटतो. म्हणून आधी संडास-लघवी, मग अंघोळ, मग पाणी. कानात तेल घालू नका, मान तिरकी करून पाणी काढा, बाहेरून पुसा.

गोदातीर
बुडालेल्याला उलटं टांगून, पोट दाबून पाणी काढतात, ते बंद करा. श्वास नसेल तर तोंडानं श्वास द्या, छाती दाबा, दुसऱ्यानं १०८ लावा. अन् क्लास झाला म्हणून लेकराला पाण्याजवळ एकटं सोडू नका. बुडताना ओरडत नाही ते, गपचूप जातं.

बीडची ताई
आणि जेवण?

पांगरा
पोटभर नको. तासभर आधी केळं, नाहीतर अर्धी पोळी. बाहेर आलं की खा खा करतंय, डबा तेव्हा लागतो. पाठीवरचा नाही, पोळीचा 😄