विषय: अलास्का क्रूझ – जाडं जॅकेट न्यायचं की नाही?

प्रेषक: अनघा

नमस्कार मंडळी, बॅगा भरायला काढल्यात आणि गाडी जॅकेटपाशीच अडली आहे. आईंचं (सासूबाईंचं) ते गुडघ्यापर्यंतचं पिसांचं जॅकेट कोंबलं की अर्धी बॅग तिथेच संपते आणि विमानाची मर्यादा २३ किलो. यादीत नुसतं "उबदार कपडे" लिहिलंय, त्यावरून काय समजायचं? जुलैचा शेवट आहे, आपल्याकडे पंखे बंद करवत नाहीयेत, ह्यांचं म्हणणं एक स्वेटर पुरे. आधी जाऊन आलेल्यांनी प्लीज शनिवारच्या आत सांगा, काही विकत घ्यायचं झालं तर तो एकच दिवस हातात आहे.

प्रेषक: श्रीकांत (सहल समिती)

अनघा, जाडं जॅकेट नको. एकावर एक थर घालायचे. आत अंगासरशी पातळ लोकरीचा किंवा सिंथेटिक टी-शर्ट, त्यावर फ्लीस (मऊ, हलकं, उबदार जॅकेट), आणि सगळ्यात वर पाऊस-वारा अडवणारं जॅकेट. ज्यूनोला, म्हणजे आपली बोट लागते त्यातल्या एका बंदराला, जुलैत दुपारी १८ डिग्रीच्या आसपास असतं, पहाटे १० पर्यंत उतरतं. ऊन पडलं की फ्लीस काढून कमरेला बांधाल आणि ढग आला की दहा मिनिटांत परत चढवाल, दिवसभर हेच चालतं. एकच जाडं जॅकेट असलं की एकतर घामाघूम नाहीतर गारठा, मधलं काही नाही.

केचिकन, ज्यूनो, स्कॅग्वे या तिन्ही बंदरांची हवा वेगळी आहे म्हणून यादी मोघम ठेवली होती. व्हिसाचे प्रश्न इथे नकोत, त्याचा धागा वेगळा आहे.

प्रेषक: मेधा

श्रीकांतदादा, मूळ यादी मी केलेली आहे, मागच्या ग्रुपसाठी, आणि तिच्यात थरांचं सगळं सविस्तर होतं. ती छाटताना मला एकदा विचारलं असतंत तर बरं झालं असतं. असो.

अनघा, थरांपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे वरचं जॅकेट खरंच वॉटरप्रूफ आहे का ते बघ. नुसतं वॉटर रेझिस्टंट लिहिलेलं रिमझिमीत चालतं, केचिकनला नाही. तिथे वर्षाला साडेतीन मीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे मुंबईच्या दीडपट, आणि तो उन्हाळ्यातही थांबत नाही. जुनं रेनकोट असेल तर आजच बाथरूममध्ये बाहीवर पाणी ओतून बघ. थेंब घरंगळून गेले तर ठीक. कापड गडद होऊन पाणी शोषायला लागलं तर लेबल वाचून मंद आचेवर ड्रायरमध्ये फिरव, पुष्कळदा तेवढ्याने वरचा लेप परत काम करायला लागतो. आणि शिवणी आतून टेप लावून बंद केलेल्या आहेत का ते नक्की बघ, पाणी खांद्याच्या शिवणीतूनच आत येतं.

जीन्स तर अजिबात नको. आमचे धाकटे दीर केचिकनला जीन्सवर फिरले, मांडीपासून घोट्यापर्यंत चिंब, आणि ती पॅंट केबिनमध्ये वाळेचना, दुसऱ्या दिवशी ज्यूनो आलं तरी कंबरपट्टा ओलाच. सुती कापड ओलं झालं की ऊब देत नाही, उलट अंगातली ऊब ओढून घेतं. ट्रेकिंगच्या पातळ पॅंटी असतात त्या एका रात्रीत वाळतात.

प्रेषक: वसंतकाका

एवढा सगळा खटाटोप करण्यापेक्षा एक चांगली छत्री घ्या की. आम्ही जन्मभर पावसात छत्रीवर काढली. चष्मेवाल्यांनी त्या जॅकेटच्या टोप्या घालून कुठे बघायचं, काचांवर पाणी आलं की समोरचा माणूस दिसत नाही.

प्रेषक: मेधा

काका, चष्म्याचं तुमचं अगदी बरोबर आहे, पण छत्री धरली की एक हात गेला. बोटीच्या जिन्यावर कठडा धरायचा, व्हेल बघायला निघालो की दुर्बीण धरायची, आणि डेकवर वारा असा असतो की छत्री उलटी होते. त्यावर उपाय म्हणजे पुढे झाप असलेली साधी क्रिकेटची टोपी घालायची आणि तिच्यावरून जॅकेटची टोपी ओढायची. झाप पुढे राहते म्हणून पाणी काचांवर येत नाही आणि मान वळवली की टोपीपण वळते. करून बघा, छत्री विसराल.

प्रेषक: प्राजक्ता

सगळे जॅकेटवरच बोलताय, मंडळाच्या भगव्या टी-शर्टांचं काय? ग्लेशिअर बेला, त्या हिमनद्यांच्या खाडीत, डेकवर ग्रुप फोटो ठरलाय ना? ते टी-शर्ट सुती आहेत आणि मी स्वतः माप घेऊन ऑर्डर दिलीय, आता बदल होणार नाही. आणि फॉर्मल नाइटला (बोटीवर नटूनथटून जेवायच्या रात्री) साडी नेसायची तर इस्त्रीचं काय, बोटीवर इस्त्री नेता येते का?

प्रेषक: श्रीकांत (सहल समिती)

इस्त्री आणि स्टीमर दोन्ही नको, आगीच्या भीतीने बोटीवर बंदी असते, बॅग तपासताना काढून घेतात. क्रेप किंवा जॉर्जेट न्या, चुरगळत नाही. जेवणाच्या हॉलमध्ये आणि थिएटरमध्ये एसी बेताल असतो, शाल जवळ ठेवा.

फोटोबद्दल: ज्यांनी एक माप मोठा मागवलाय त्यांनी फ्लीसवरून चढवा, बाकीच्यांचा आतल्या जिन्यावर फोटो काढू. हिमनदीसमोर नुसत्या सुती टी-शर्टवर कुणी उभं राहायचं नाही, हे समितीचं स्पष्ट मत आहे.

प्रेषक: प्राजक्ता

जिन्यावरचा फोटो कुठल्याही बोटीवर निघतो. हिमनदी मागे हवीच. पाच मिनिटांसाठी जॅकेट काढायला काय हरकत आहे? निदान जे तयार असतील त्यांचा तरी काढू.

प्रेषक: नलिनीकाकू

मला थोडं वेगळं सांगायचंय. थरांचं शास्त्र चालत्या माणसासाठी ठीक आहे, बसलेल्या माणसासाठी नाही. ग्लेशिअर बेला बोट आत शिरली की जवळजवळ दिवसभर आत असते, रेंजर बोटीवर येऊन माहिती सांगतात, आणि मार्जरी हिमनदीसमोर बोट थांबते तेव्हा कडा कधी कोसळेल म्हणून सगळे तासभर कठड्याशी उभे असतात. बर्फावरून वारा खाली वाहत येतो, तो थेट अंगात शिरतो. तरुण मंडळी इकडून तिकडे पळतात, आमच्यासारख्यांना खुर्चीत बसून बघायचं असतं. बसलं की आधी गुडघे गार पडतात, मग बोटं.

स्कॅग्वेच्या त्या व्हाइट पास खिंडीच्या आगगाडीतही तेच. वीस मैलांत जवळजवळ तीन हजार फूट चढते, डब्याच्या टोकाला उघडा सज्जा असतो, सगळे तिथेच फोटोला जातात आणि वाऱ्यात उभे राहतात. स्कॅग्वेला पाऊस त्या मानाने कमी, पण वारा विलक्षण.

म्हणून अनघा, आईंना नुसत्या फ्लीसवर नेऊ नकोस. पण ते गुडघ्यापर्यंतचं धूडही नको, कारण पिसं भिजली की गोळे होतात आणि ऊब जाते, आणि एवढं जाडं केबिनमध्ये वाळायचं नाही. पिसांचं आखूड, पातळ, पिशवीत मावणारं जॅकेट घे आणि वरून एक माप मोठं वॉटरप्रूफ. पायात थर्मल, हातमोजे, कान झाकणारी टोपी. हातमोज्यांची दुसरी जोडी राहू दे, एक ओली होतेच.

प्रेषक: मेधा

काकूंचं पटलं, हे माझ्या यादीत नव्हतं, घालते. ओल्या कपड्यांसाठी आणखी एक, बहुतेक बोटींवर केबिनच्या भिंती पोलादी असतात, चुंबकाचे हुक चार-पाच घेऊन जा, जॅकेटं तिथे लटकतात. न्हाणीघरात एक बारीक दोरी असते पण ती जेमतेम मोज्यांपुरती.

प्रेषक: वसंतकाका

टोपीची युक्ती कळली. पण मी एक फोल्डिंग छत्री नेणार, गावात फिरायला.

प्रेषक: अनघा

काकू, मेधाताई, श्रीकांतदादा, खूप खूप आभार! लांब जॅकेट बॅगेतून बाहेर काढलं, आईपण तयार झाल्या. आता आखूड पिसांचं कुणाकडे जास्तीचं आहे का, मध्यम मापाचं? एवढ्यासाठी नवं घ्यायचं जिवावर आलंय.

प्रेषक: नलिनीकाकू

माझं आहे, निळं, धुतलेलं. आणि ते बॅगेत भरू नकोस, हातातच ठेव. बोटीवर चढताना मोठ्या बॅगा घेऊन जातात त्या केबिनमध्ये पोचेपर्यंत कधीकधी संध्याकाळ होते, आणि बोट सुटताना सगळे डेकवर असतात. उतरायच्या आदल्या रात्रीही बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात, तेव्हाही जॅकेट आणि सकाळचे कपडे वेगळे काढून ठेव. शनिवारी अकराच्या आत ये न्यायला, नंतर आम्ही बाहेर आहोत.