ॲपवरची स्ट्रीक टिकते, पण बोलायची वेळ आली की मागे का सरते?

नवशिकी: सुनेच्या आईवडिलांशी त्यांच्या भाषेत बोलता यावं म्हणून मी जर्मन शिकतेय. ॲपवरचा धडा रोज होतो, गुण मिळतात, स्ट्रीक (सलग किती दिवस धडा केला तो आकडा) मोडत नाही. पण त्यांचा व्हिडिओ कॉल आला की मी फोन मुलाच्या हातात देते. रात्री झोप डोळ्यांवर असताना सोप्यात सोपा धडा उरकते, तो फक्त आकडा जाऊ नये म्हणून. ज्यांच्यासाठी शिकायला घेतलं ती माणसं यात कुठेच नाहीत, याचं फार वाईट वाटतं. ॲप सोडून देऊ का?

भाषाशिक्षिका: सोडू नका. मी प्रौढांना फ्रेंच शिकवते, हे पुष्कळदा बघते. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा 1973चा प्रयोग आहे: चित्रं काढायला मुळातच आवडणाऱ्या लहान मुलांपैकी काहींना आधी बक्षीस कबूल केलं. पुढे मोकळ्या वेळात त्याच मुलांनी चित्रं काढण्यात इतरांपेक्षा कमी वेळ घालवला. तुम्हाला त्या माणसांची ओढ आधीपासूनच आहे, म्हणून गुणांना जपून राहा. लीडरबोर्ड आणि नोटिफिकेशन बंद करा. धड्यातलं एक वाक्य उचला आणि त्याच दिवशी विहीणबाईंना व्हॉइस मेसेज करून पाठवा. तिथे घाई नसते, पुन्हा रेकॉर्ड करता येतं. भाषा शिकण्याच्या प्रेरणेचे अभ्यासक झोल्टान डोर्न्येई यांनी 2005मध्ये मांडलं की ती भाषा बोलणारे आपण स्वतःला जितके स्पष्ट दिसतो तितकी प्रेरणा टिकते. त्या कॉलवर बसलेल्या तुम्ही स्वतःला दिसायला हव्यात, आणि मेसेजला उत्तर आलं की तसं दिसायला लागतं.

शब्दवेडा: स्ट्रीकला इतका दोष देऊ नये असं मला वाटतं. रोज बसायला तीच लावते, आणि अंतराअंतराने उजळणी केली नाही तर पाठ केलेलं विसरतं, हे एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञाने 1885मध्येच दाखवलंय. फक्त उजळणी कशाची, ते आपण ठरवायचं. अँकी या उजळणीच्या कार्डांच्या ॲपमध्ये स्वतःची कार्डं करा: नातवंडांची चौकशी, तब्येत, हवापाणी. अख्खी वाक्यं घाला, सुटे शब्द नकोत.

नवशिकी: मेसेजचं जमेल. पण त्यांचं उलट उत्तर कळलंच नाही तर?

भाषाशिक्षिका: मेसेज पुन्हा पुन्हा ऐकता येतोच. कॉलसाठी पहिलं कार्ड हेच करा: ‘बिट्टे नोख आइनमाल’, म्हणजे कृपया पुन्हा एकदा. आणि डेर-डी-दास, म्हणजे नामाच्या लिंगाप्रमाणे आधी येणारे शब्द, चुकलं तरी बोलत राहा, त्यांना अर्थ कळतो.