डी ड्राइव्ह डिलीट केला आणि लॅपटॉप "ग्रब रेस्क्यू"वर अडकलाय, उबुंटू परत टाकावं लागेल का?

सातारकर_९१
मंडळी, मदत हवीये, जरा अर्जंट आहे. जुना लॅपटॉप आहे, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १० आणि उबुंटू २२.०४ (लिनक्स) असं ड्युअल बूट, म्हणजे चालू करताना दोन्हीतलं एक निवडायचं. सी ड्राइव्ह पार लाल झाला होता म्हणून डी मधलं सगळं एक्स्टर्नलवर कॉपी केलं आणि विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून डी डिलीट केला, म्हटलं ती २०० जीबी सीला जोडू, तर एक्स्टेंड व्हॉल्यूम ग्रे दिसतंय, क्लिकच होईना. म्हणून रीस्टार्ट मारला तर काळ्या स्क्रीनवर "एरर: नो सच पार्टिशन, एन्टरिंग रेस्क्यू मोड" आणि खाली "ग्रब रेस्क्यू" लिहून कर्सर लुकलुकतोय, ना विंडोज येत ना उबुंटू. उबुंटूच्या पार्टिशनला मी हातसुद्धा लावला नव्हता! दोन्ही परत टाकायचं म्हटलं तर माझे चार दिवस जातील, सोमवारी काम द्यायचंय.

नाशिक_रूट
विंडोजचा बूटेबल पेनड्राइव्ह असेल तर त्यावरून बूट कर, रिपेअरमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघड आणि बूटरेक स्लॅश फिक्सएमबीआर मार. पाच मिनिटांत विंडोज चालू.

टर्मिनल_तात्या
@नाशिक_रूट, त्याने विंडोज येईल हे खरं, पण ग्रबचा (लॅपटॉप चालू होताना विंडोज की उबुंटू ते विचारणारा प्रोग्रॅम) मेन्यू जाईल. फिक्सएमबीआर पार्टिशन टेबलला (डिस्कचे भाग कुठे आहेत त्या यादीला) हात लावत नाही, पहिल्या सेक्टरमधला बूटचा कोड तेवढा बदलतं, मग उबुंटू डिस्कवर असूनही त्याला बोलवणारं कोणी उरत नाही. आत्ता त्याची गरज नाही.

@सातारकर, घाबरू नकोस, काही परत टाकू नकोस. काय झालंय ते आधी समजून घे, म्हणजे पुढच्या वेळी स्वतः सोडवशील. तुझी डिस्क एमबीआर (मास्टर बूट रेकॉर्ड, डिस्कचे भाग नोंदवायची जुनी पद्धत) पद्धतीची दिसतेय. त्या पद्धतीत पहिल्या ५१२ बाइट्समध्ये ४४६ बाइट्स बूटचा कोड आणि ६४ बाइट्सचं टेबल, त्यात फक्त चार नोंदी मावतात. म्हणून त्यातली एक एक्स्टेंडेड करतात आणि तिच्या पोटात लॉजिकल पार्टिशन्स, त्यांचे नंबर ५ पासून सुरू. माझा अंदाज, तुझा डी ५ होता, स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची जागा) ६ आणि उबुंटू ७. लॉजिकलचे नंबर कायमचे नसतात, साखळीत जो जिथे येईल तो त्याचा नंबर. मधला ५ काढलास की ६ चा ५ झाला आणि ७ चा ६. ग्रबच्या सुरुवातीच्या तुकड्यात मात्र "माझ्या फाइल्स ७ वर आहेत" असं कोरलेलं असतं, तो बिचारा अजून ७ शोधतोय. चाळीतली एक खोली पाडून पुढच्यांचे नंबर बदलले आणि पोस्टमनला कुणी सांगितलंच नाही, तसं.

आणि एक्स्टेंड ग्रे का, तर मोकळी झालेली जागा एक्स्टेंडेडच्या आत आहे आणि सी बाहेर, विंडोज ती अशी सीला जोडून देत नाही.

आता हे कर, मी फोनवरून लिहितोय म्हणून कमांड उच्चाराप्रमाणे देतोय, तू नेहमीच्या इंग्रजी अक्षरांत टाइप कर. आधी नुसतं

सेट

मार, प्रीफिक्स (ग्रब आपल्या फाइल्स कुठे शोधतोय तो पत्ता) काय दाखवतंय बघ, बहुतेक एमएसडॉस७, म्हणजे पार्टिशन ७, असेल. मग

एलएस

त्यात जी पार्टिशन्स दिसतील ती एकेक उघडून बघ, असं:

एलएस (एचडी०,एमएसडॉस६)/

ज्यात बूट, होम, ईटीसी, यूएसआर दिसेल ते तुझं उबुंटू. टॅब दाबून नाव पूर्ण होणं इथे चालत नाही, सगळं हाताने लिहायचं.

सातारकर_९१
तात्या, सेट मारलं तर खरंच एमएसडॉस७ आहे, आणि एलएसमध्ये ६, ५, २, १ एवढेच दिसतायत, ७ नाहीच! पण २ आणि ५ उघडले तर "अननोन फाइलसिस्टीम" येतंय, २ म्हणजे माझा सी ना? तो पण गेला का?? ६ अजून उघडला नाही, भीती वाटतेय.

टर्मिनल_तात्या
नाही रे, सी जागेवर आहे. रेस्क्यूमधला ग्रब अगदी छोटा असतो, एमबीआर आणि पहिल्या पार्टिशनच्या मधल्या साधारण १ एमबीच्या फटीत बसवलेला, त्याला फक्त त्याच्या स्वतःच्या पार्टिशनची फाइलसिस्टीम (फाइल्स मांडून ठेवायची पद्धत) वाचता येते. तुझ्याकडे ती ईएक्सटी४, म्हणून विंडोजची एनटीएफएस आणि स्वॅप दोन्ही त्याला अनोळखी. ६ उघड बिनधास्त, एलएस काही लिहीत नाही, नुसतं वाचतं. बूट वगैरे दिसलं की ओळीने:

सेट प्रीफिक्स=(एचडी०,एमएसडॉस६)/बूट/ग्रब
सेट रूट=(एचडी०,एमएसडॉस६)
इन्समॉड नॉर्मल
नॉर्मल

तुझा नेहमीचा मेन्यू यायला हवा. मेन्यूच्या आतल्या नोंदी यूयूआयडीने (पार्टिशनच्या स्वतःच्या ओळखखुणेने) पार्टिशन शोधतात, एफएसटॅबमध्येही (चालू होताना कोणती पार्टिशन्स जोडायची त्या यादीत) उबुंटू यूयूआयडीच लिहितं, आणि पार्टिशनचा नंबर सरकला तरी यूयूआयडी बदलत नाही, त्यामुळे एकदा मेन्यू आला की पुढचं आपोआप होईल.

घाटावरचा_पेंग्विन
तात्यांनी नीट सांगितलंय, एकच जोडतो. हे सेट केलेलं फक्त त्या एका बूटपुरतं आहे, उबुंटूत शिरल्यावर कायमचं बसवायला विसरू नका:

सुडो ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीए
सुडो अपडेट-ग्रब

इथे पूर्ण डिस्क द्यायची, एसडीए, एसडीए६ नाही, ही चूक फार जण करतात. आणि आधी एलएसबीएलके (डिस्क आणि पार्टिशन्सची यादी) मारून साइज बघून खात्री करा, कारण पेनड्राइव्ह लावून बूट केलं असेल तर कधीकधी तोच एसडीए होऊन बसतो. अपडेट-ग्रबनंतर विंडोज मेन्यूतून गायब झालं तर ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब मध्ये ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स लिहून परत चालवा, ग्रब २.०६ पासून दुसऱ्या सिस्टीम शोधणं मुळात बंद ठेवलंय.

नंतर कुणी हा धागा शोधत आलं तर त्यांच्यासाठी, रेस्क्यूची स्क्रीन दिसली म्हणजे दर वेळी हेच कारण असं नाही. जुलै २०२० मध्ये बूटहोलच्या (ग्रबमधल्या एका सुरक्षा त्रुटीच्या) सिक्युरिटी अपडेटनंतर बऱ्याच जणांना "ग्रब_कॅलॉक सापडत नाही" म्हणून हाच प्रॉम्प्ट आला होता, तिथे नंबर बरोबर होते पण डिस्कच्या सुरुवातीचा ग्रब जुना आणि फाइल्स नव्या अशी गाठ पडली होती, त्यांना प्रीफिक्स बदलून काही उपयोग नव्हता, लाइव्ह यूएसबीवरून (इन्स्टॉल न करता उबुंटू चालवणाऱ्या पेनड्राइव्हवरून) ग्रब-इन्स्टॉलच करावं लागलं. म्हणून एररची वरची ओळ शब्दन्शब्द लिहीत जा, सातारकरांनी लिहिली म्हणून लगेच सापडलं.

सातारकर_९१
आलं आलं!! ६ मध्येच होतं, मेन्यू आला, ग्रब-इन्स्टॉल केलं, दोनदा रीस्टार्ट करून बघितलं, दोन्ही चालू. तात्या, पेंग्विनदादा, खूप खूप आभार, रात्री दीडला झोपलो पण शांत झोपलो.

पण आता दुसरंच निघालं. एक्स्टर्नलवरची कॉपी तपासली तर "घरचे कागद" हा फोल्डर आलेलाच नाही, त्यात वडिलांनी स्कॅन करून ठेवलेले जुने सातबारा आणि आजोबांच्या हातचं वाटणीपत्र आहे. मूळ कागद वाळवीने गेलेत. डी डिलीट झाला म्हणजे ते संपलं का?

टर्मिनल_तात्या
थांब, आत्ता त्या मोकळ्या जागेत काहीही करू नकोस, नवीन पार्टिशन नाही, फॉरमॅट नाही, विंडोजने काही विचारलं तर कॅन्सल. तू डिलीट केलीस ती टेबलमधली नोंद, आतल्या फाइल्सवर अजून कोणी लिहिलेलं नाही, त्यामुळे आशा भरपूर आहे.

उबुंटूतून टेस्टडिस्क (हरवलेली पार्टिशन्स शोधणारा प्रोग्रॅम) टाक, सुडो लावून (ॲडमिन म्हणून) चालव, डिस्क निवड, इंटेल, ॲनलाइज, क्विक सर्च. जुनं एनटीएफएस पार्टिशन यादीत दिसलं की त्यावर जाऊन पी दाब, फाइल्स दिसतील. फोल्डरवर उभा राहून छोटा सी दाब आणि कॉपी एक्स्टर्नलवर घे, त्याच डिस्कवर नको. "राइट" मात्र करू नकोस. राइट केलंस तर डी परत येईल, पण नंबर पुन्हा ५, ६, ७ होतील आणि तू आता ६ वर बसवलेला ग्रब परत अडकेल.

सातारकर_९१
मिळाले. फोल्डर जसाच्या तसा, ४३ फाइल्स, सगळ्या उघडून बघितल्या, वाटणीपत्राची सही सुद्धा स्पष्ट दिसतेय. बाबांना फोन करून सांगितलं तर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. आता दोन पेनड्राइव्हवर आणि बहिणीकडे एक कॉपी ठेवलीये.

त्या २०० जीबीचं आता काय करू?

घाटावरचा_पेंग्विन
छान झालं, वाचून बरं वाटलं. जागा उबुंटूतून जीपार्टेडने (पार्टिशन्स करायचा प्रोग्रॅम) घ्या, तिथे ईएक्सटी४ चं डेटा पार्टिशन करा, सीचा नाद सोडा, त्यातला पसारा कमी केलेला बरा. फक्त नवीन पार्टिशन झालं की रीस्टार्टच्या आधी एलएसबीएलके बघा, उबुंटू अजून एसडीए६ च आहे ना. सरकलं असेल तर ग्रब-इन्स्टॉल तिथल्या तिथे परत मारा.