उमेद टिकते ती अशी: यो ला टेंगो

इंडी, म्हणजे मोठ्या संगीत कंपन्यांपासून स्वतंत्र असलेल्या बँडची खरी उमेद पहिल्या दोन-तीन अल्बमपुरतीच असते, असं म्हणतात; मला ते अजिबात पटत नाही. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या होबोकनचा यो ला टेंगो हा बँड घ्या. आयरा कॅपलन आणि जॉर्जिया हबली या जोडप्याने १९८४ मध्ये सुरुवात केली. बासवादक सारखे बदलत होते. नव्वदीच्या सुरुवातीला जेम्स मॅकन्यू आला आणि मग हे तिघं कायमचे जमले. त्यांचा सर्वात नावाजलेला अल्बम, 'आय कॅन हिअर द हार्ट बीटिंग अ‍ॅज वन', आला थेट १९९७ मध्ये. म्हणजे तेरा वर्षांनी! त्यात कानठळ्या बसवणारी गिटार आहे आणि जॉर्जियाचा जेमतेम कुजबुजीइतका आवाजही. दोन्ही तितकंच मनापासून.

मला त्याहून मोलाचे वाटतात ते त्यांचे हनुक्काचे, म्हणजे ज्यूंच्या आठ रात्रींच्या सणाचे कार्यक्रम. २००१ पासून होबोकनच्या मॅक्सवेल्स या क्लबमध्ये आठ रात्री, रोज वेगळे पाहुणे, रोज वेगळी गाणी, जमलेले पैसे सामाजिक कामांना. २०१३ मध्ये ती जागा बंद झाली, तर पुढे न्यूयॉर्कच्या बावरी बॉलरूममध्ये ही प्रथा पुन्हा सुरू केली. २०२३चा 'धिस स्टुपिड वर्ल्ड' हा अल्बम तर त्यांनी बाहेरचा निर्माता न घेता स्वतःच केला. तो जरूर ऐका, शक्यतो हेडफोन लावून.