७५ टक्के हजेरीत ऊसतोडीच्या पोरांना सूट द्यायची की नाही?

खडूफळा: बीड जिल्ह्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात शिकवते. कमी हजेरीवाल्यांची यादी माझ्याच हाताने केली, त्यात बारावी आर्ट्सची एक मुलगी आहे, दिवाळीनंतर मस्टरवर तिच्या नावापुढे नुसत्या फुल्या. आईबापाने दसऱ्याआधीच ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली, मग कोयत्यामागे हिलाही जावं लागलं कारण धाकट्या दोन भावंडांना कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, सांभाळणार कोण. परीक्षेच्या तोंडावर परत आली तेव्हा दोन्ही हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे, आणि पिशवीत भूगोलाची वही, पूर्ण लिहिलेली, नकाशांसकट! मैत्रिणीकडून फोटो मागवून रोज रात्री उतरवायची म्हणे. वर्षाचे २०० दिवस धरले तर परीक्षेला बसायला १५० भरायला हवेत, हिचे ११० पण होत नाहीत. अशा पोरांना सरळ सूट मिळावी असं माझं ठाम मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

दोन_पोरांचा_बाप: मॅडम, तुमची तळमळ पटते पण सूट हा शब्द ऐकला की धडकी भरते. आमच्या इकडे पुण्यात क्लासवाल्यांचं कॉलेजशी टायअप असतं, पोरगं नीट-जेईईच्या क्लासला सकाळपासून रात्रीपर्यंत आणि कॉलेजच्या मस्टरवर हजर. माझा थोरला दोन वर्षांत कॉलेजात जेमतेम पंधरा दिवस गेला असेल, प्रयोगशाळेत ब्युरेट कशी धरतात ते त्याला परीक्षेच्या आदल्या आठवड्यात कळलं, आणि ती चूक माझी आहे, मीच फी भरली होती. यासाठीच २०१८ ला सरकारने सायन्सच्या ज्युनिअर कॉलेजांना बायोमेट्रिक सक्तीचं केलं, तरी हे चालूच. सीबीएसईनेही २०२४ ला दिल्ली-राजस्थानातल्या २१ शाळांची मान्यता डमी प्रवेशांवरून काढली. आता एक खिडकी उघडलीत की त्यातून आधी आमच्यासारखे पैसेवाले घुसणार.

खडूफळा: दादा, तुमचा मुलगा कागदावर हजर होता म्हणून त्याला कुणी अडवलं नाही. माझी मुलगी खरं सांगून गेली म्हणून अडकली. नियमात नेमकं हेच खुपतंय मला. आणि पुराव्याचं म्हणाल तर ऊसतोड कामगारांची नोंदणी ग्रामसेवकामार्फत होते, ओळखपत्र मिळतं, ते जोडायला सांगा. क्लासवाल्यांच्या पोरांकडे कुठून येणार ते?

खोखोवाला: खेळाडूंचं पण बघा कुणीतरी. राष्ट्रीय स्पर्धेला गेलेल्यांना सीबीएसई सवलत देतं, आपल्याकडे खेळाचे वाढीव गुण मिळतात ते चांगलंच आहे, पण सराव शिबिराचे दिवस हजेरीत धरायचे का हे कॉलेज बदललं की बदलतं.

फडावरचा: मी स्वतः कोयत्याच्या घरातला. सहावीपर्यंत दर हंगामाला कारखान्यावर, कधी सांगलीकडं कधी कर्नाटकात. म्हणून सांगतो, राग मानू नका ताई, सूट देऊ नका! सूट दिली की मुकादम पण म्हणणार, आन की पोरीला, आता तर सरकारचीच परवानगी हाय. मी शिकलो ते आजीने एका वर्षी हट्टाने मला गावात ठेवून घेतलं म्हणून, ती भाकरी टाकायची आणि मी तिच्या शेजारी चुलीच्या उजेडात पाढे म्हणायचो. माझ्या बहिणीला मात्र नेली, आणि दोन हंगामांनंतर लग्नच लावून दिलं, वय काय होतं ते लिहवत नाही. शाळेतून नाव मागे पडलं की पोरीचं काय होतं ते आमच्या घरानं बघितलंय. २०२१ ला ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं मंजूर झाली, संत भगवानबाबांच्या नावाची, मुलींची वेगळी. ती सगळीकडे चालू आहेत का, जागा पुरतात का ते विचारा, त्यासाठी भांडा. हजेरी माफ करणं स्वस्तातलं आहे, त्यात सरकारचा एक रुपया जात नाही.

खडूफळा: भाऊ, तुमचं वाचून बराच वेळ काही सुचेना. बहिणीचं वाचून तर फार वाईट वाटलं. वसतिगृहाबाबत शंभर टक्के तुमच्यासोबत, आणि अकरावीला प्रवेश घेतानाच कोण जाणार आहे ते विचारून अर्ज भरून घ्यायला हवा, ते आम्ही केलं नाही, ही आमची चूक. पण ही मुलगी आत्ता माझ्यासमोर उभी आहे ना. हिला यंदा बसू दिलं नाही तर पुढच्या वर्षी १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बस म्हणायचं, पण पुढच्या दसऱ्याला हिच्या नावाची पण उचल घेतली तर? तुम्हीच म्हणता तेच होईल की हिचं.

फडावरचा: हे मात्र खरं. यंदापुरतं बसवा तिला, प्राचार्यांकडं स्वतः जा, ओळखपत्र आणि ती वही घेऊन जा. वही नक्की दाखवा. पण सरसकट नियम करायला माझा विरोध राहील.

दोन_पोरांचा_बाप: कागदपत्रांसोबत मंडळाकडे अर्ज करायचा झाला तर मसुदा मी करून देतो, वकिली करतो. आज रात्री पाठवतो.